दुसरी सीडी

(दहावी २००३-०४ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फक्त अडखळणं आणि मध्येच आलेल्या शिट्ट्या काढल्या आहेत.)



मला आयोजकांनी विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले'. तीन रात्री बसलो, दोन पानं लिहिली. बायकोने वाचून विचारलं, हे गेल्या वर्षी तुमच्या कंपनीतल्या निरोप समारंभात वाचलं होतं तेच का? मी ती पानं बाजूला ठेवली. तर आज मी स्पायडरमॅनवर बोलणार आहे. मागच्या रांगेतून जो आवाज आला तो कुणाचा हे मला माईकवरूनही कळलं. गप बस, तुझ्यापर्यंत येतोच आहे.

सरांना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी. आमच्या वर्गात दहावीपासून एक भांडण सुरू आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. मुद्दा असा, की स्पायडरमॅनचा कोणता भाग चांगला. आणि त्याच्याही आधीचा मुद्दा असा, की पुस्तकातला स्पायडरमॅन सिनेमात आणताना त्यांनी तो बिघडवला की सुधारला. ज्या वर्गात भूमितीची प्रमेयं चार जणांना येत होती, त्या वर्गात या प्रश्नावर साठच्या साठ जणांचं मत होतं.

तो काळ आठवा. आपला जिल्हा नवा होता. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळा झाला, पण आपल्या वह्यांवर पुढची दोन वर्षं जि. परभणी असंच लिहिलं जात होतं. भारनियमन इतकं, की लाईट असणं ही बातमी होती. फाट्यावर एक सीडीचं दुकान निघालं होतं. दिवसाचे दहा रुपये भाडं, प्लेअर हवा असेल तर त्याचे वेगळे, आणि अनामत म्हणून सायकल किंवा घड्याळ. 'स्पायडरमॅन' २००२ मध्ये आला, हिंदीतही आला, पण आपल्यापर्यंत पोचायला त्याला २००३ चा पावसाळा उजाडला. नांदेड इथून चाळीसेक किलोमीटर, पण सिनेमासाठी नांदेडला जाणं आपल्यापैकी किती जणांना परवडत होतं ते आपल्याला माहीत आहे.

सिनेमा दोन सीड्यांमध्ये होता. पहिली सीडी आम्ही अकरा पोरांनी एका घरात दाटीवाटीने बसून पाहिली. कोळी चावतो, पीटर पार्करच्या अंगात ताकद येते, तो कुस्तीच्या पैशांसाठी जातो, चोराला मुद्दाम सोडून देतो आणि तोच चोर त्याच्या बेन काकांना मारतो. हिरवा गॉब्लिन नुकताच उडायला लागला होता, तेवढ्यात पहिली सीडी संपली. आणि दुसरी सीडी लागलीच नाही. का लागली नाही ते मी पुढे सांगणार आहे, आज सांगायचंच असं ठरवून आलो आहे.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला आम्ही सरांना विचारलं, सर, कोळी चावल्यावर हातातून जाळं येतं का? सर, तुम्ही इथे बसला आहात, तुमचं उत्तर मला शब्दशः आठवत नाही. पण तुम्ही फळ्यावर कोळी काढला, आठ पाय मोजून घेतले, कोळी हा कीटक नव्हे हे दोनदा म्हणायला लावलं, आणि मग धागा कुठून निघतो ते खडूने दाखवलं. तो पोटाच्या मागच्या टोकातून निघतो. त्यानंतर आठवडाभर वर्गात स्पायडरमॅनने नेमकं कसं उडायला हवं होतं याची जी प्रात्यक्षिकं झाली, त्यासाठी पी.टी.च्या सरांनी चार जणांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. चारात मी होतो.

तर दुसरी सीडी नाही, आणि शेवट तर सगळ्यांना हवा. तेव्हा मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राने जाहीर केलं, की त्याने दुसरी सीडी मामाच्या गावी पाहिली आहे. आणि त्याने मधल्या सुट्टीत चिंचेखाली शेवट सांगितला. एका दिवसात नाही, चार दिवस सांगितला. त्यात गॉब्लिन आणि स्पायडरमॅनची मारामारी विजेच्या खांबांवर होते, आणि तारांना हात लागूनही दोघांना काही होत नाही, कारण लाईट गेलेली असते. गॉब्लिन इसापूरच्या कालव्यात पडतो. आणि सगळ्यात शेवटी कळतं, की बेन काका मेलेलेच नव्हते, ते दवाखान्यात होते, आणि पीटर त्यांना सायकलवर मागे बसवून घरी आणतो.

आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. इसापूरच्या कालव्यावरही ठेवला. पुढे दिवाळीत कुणाच्या तरी घरी खरा सिनेमा पूर्ण पाहिला, तेव्हा काका परत येत नाहीत म्हणून वर्ग अक्षरशः नाराज झाला. एक जण म्हणाला, यांनी शेवट बदललाय. स्पायडरमॅनचा दुसरा भाग अमेरिकेत २००४ मध्ये आला असेल, आपल्या शाळेत तो २००३ मध्येच येऊन गेला होता.

आता मुख्य वादाकडे येतो. वर्गात दोन पक्ष होते. (तिसरा शक्तिमानवाल्यांचा होता. ते म्हणायचे, जो दूरदर्शनवर फुकट दिसत नाही तो हिरो कसला. त्यांना उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.) मी कॉमिकवाल्यांच्या पक्षात होतो. कॉमिक म्हणजे माझ्या काकांनी मुंबईहून आणलेले दोन फाटके अंक, पण त्या जोरावर मी तज्ज्ञ होतो. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये हा पोरगा काढला, तेव्हा त्याच्या हातातून जाळं निघत नव्हतं. त्याने स्वतः रसायन तयार केलं, मनगटावर बांधायची यंत्रं स्वतः बनवली. सिनेमात दिग्दर्शक सॅम रायमीने ते काढून टाकलं आणि जाळं थेट मनगटातून आणलं. माझं म्हणणं, ही चोरी आहे. पोराची हुशारी काढून घेतली आणि त्याला नुसता नशीबवान केला. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे फार लागलं होतं. जगभर कितीतरी वाचकांना तेव्हा तेच लागलं होतं, हे मला पुढे कळलं.

मागच्या बाकाचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणायचा, "अबे, जे अंगात येतं ते काढून ठेवता येत नाही. यंत्र काय, कपाटात ठेवलं की झालं."

मी तेव्हा हसलो होतो. त्याचं हे वाक्य ध्यानात ठेवा.

मुलींच्या बाकांवरून एक प्रश्न आला होता, तोही नोंदवतो, कारण आम्ही कुणी त्याला कधीच उत्तर दिलं नाही. गॉब्लिन पुलावरून एका हातात मेरी जेन आणि दुसऱ्या हातात पोरांनी भरलेला पाळणा धरून उभा राहतो आणि विचारतो, कुणाला वाचवशील. आम्ही सगळे यावर वाद घालायचो, की आधी कुणाला वाचवायचं. तेव्हा तिसऱ्या बाकावरची, जी आज आपल्यात तालुक्याच्या ठिकाणी शिक्षिका आहे, ती म्हणाली होती, "तिन्ही वेळा तिलाच का टांगतात? तिला दुसरं काही काम नाही का?" तीन भाग व्हायच्या आधी ती 'तिन्ही वेळा' म्हणाली होती, म्हणजे पहिल्या भागातच तीनदा मोजलं होतं तिने. पुढच्या दोन्ही भागांतही शेवटी मेरी जेनच टांगलेली किंवा बांधलेली आहे. ताई, तुमचा मुद्दा बरोबर होता.

मार्च २००४ ला दहावी झाली. जूनमध्ये निकाल लागला. त्याचे मार्क माझ्यापेक्षा अकरा कमी होते, फार फरक नव्हता. मी नांदेडला अकरावीला गेलो. तो गेला नाही. त्याच्या वडिलांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं, आणि त्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. थोरला हाच, धाकट्या दोघी बहिणी. त्याने दुकान धरलं. आपण सगळे म्हणालो, एक वर्ष गॅप घेईल मग येईल. म्हणायला काय जातं.

दुसरा भाग त्याच वर्षी आला. मी नांदेडला हॉस्टेलच्या पोरांबरोबर पाहिला आणि मला आवडला नाही. सुट्टीत फाट्यावर आलो तेव्हा दुकानात बसून मी त्याला सांगितलं, काय बोअर आहे, हिरो दीड तास नुसता रडतोय. पिझ्झा पोचवतो, उशीर होतो, नोकरी जाते. घरभाडं थकलंय. कॉलेजात झोप लागते, मास्तर रागावतात. ताकद आहे आणि जाळं येत नाही. आणि एवढा सगळा त्रास, तर मग गाव सोडून पळून का नाही जात? तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, मी अजून पाहिला नाही. बघून सांगतो.

त्याने तो पाहिला, सीडीवर, दोन्ही सीड्या लावून. आणि पुढच्या सुट्टीत मला म्हणाला, हा भाग पहिल्यापेक्षा भारी आहे. कारण विचारलं तर काही नीट सांगेना. रेल्वेचा सीन भारी आहे एवढंच म्हणाला. मी म्हटलं, रेल्वेचा सीन सगळ्यांनाच आवडतो.

(सर, तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम शोधून आणली आहे. त्या सीनमध्ये स्पायडरमॅन दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी लावून सुसाट रेल्वे छातीवर थांबवतो. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी याचं गणित मांडलं. डबे, प्रवासी, वेग सगळं धरून जोर आला साधारण तीन लाख न्यूटन. आणि एवढा जोर सोसायला धागा जितका चिवट हवा, तितका खऱ्या कोळ्याचा धागा असू शकतो. म्हणजे रेल्वे थांबू शकते. पोराच्या खांद्यांचं काय होईल ते त्यांनी काढलं नाही.)

मग आला तिसरा भाग, मे २००७. तेव्हा तो हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही निघाला होता. मराठीत नाही. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आलो होतो. मी त्याला म्हटलं, चल, एकदा तरी थिएटरात बघ. त्याने दुकान दुपारनंतर बंद ठेवलं. फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानाने भर उन्हाळ्यात अर्धा दिवस बंद ठेवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं. टायर फुटतात तेच मुळी दुपारी.

सिनेमा बघितला. बाहेर पडल्यापासून मी बोलायला लागलो. आजही माझं मत तेच आहे, तिसरा भाग फसलेला आहे. एका सिनेमात तीन खलनायक कोंबलेत. हॅरी, सँडमॅन, आणि वर तो काळा व्हेनम. रायमीला व्हेनम नको होता, निर्मात्यांच्या आग्रहाखातर घ्यावा लागला, हे पुढे जाहीर झालंच, पण ते न वाचताही पडद्यावर दिसतं. लग्नात जेवण चांगलं झालेलं असताना शेवटी कुणीतरी आणखी तीन भाज्या वाढायला लावाव्यात तसं झालंय. आणि पीटर केस कपाळावर आणून रस्त्यात नाचतो, त्यावर मी बोलतच नाही.

एस.टी.त बसल्यावर तो म्हणाला, "सँडमॅनचं बरोबर होतं."

सँडमॅन म्हणजे तो चोर, ज्याची लहान मुलगी आजारी आहे आणि औषधपाण्याला पैसे नाहीत. म्हणून तो चोरी करतो, तुरुंगातून पळतो आणि पळताना वाळूचा होतो. शेवटी पीटर त्याला माफ करतो. मी म्हटलं, चोर तो चोरच. पैसे नव्हते तर काम करायचं. तो म्हणाला, काम करून पुरत नसतील तर? मी म्हटलं, ही सगळी रडगाणी आहेत. वाद वाढला. अर्धापूर मागे पडलं तेव्हा मी म्हणालो, "तुला काय कळतं, तू अकरावीसुद्धा नाहीस."

बसमध्ये आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं. तो खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसला. फाट्यावर उतरलो, तो दुकानाकडे गेला, मी घराकडे.

त्या आठवड्यात मला कुणाकडून तरी कळलं, की त्याचे वडील तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात होते. तिसऱ्यांदा. मला घेऊन तो सिनेमाला आला त्या सकाळी तो त्यांना डबा देऊन आला होता, आणि पैशांसाठी कुणाकुणाकडे फिरला होता. त्याने मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात ते गेले. मी दहाव्याला आलो नाही. सेमिस्टर सुरू होतं, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण, तोंड कसं दाखवायचं ते कळेना.

आता दुसऱ्या सीडीचं. २००३ च्या त्या दिवशी सीडीच्या पाकिटावर मी बसलो होतो. पहिली प्लेअरमध्ये होती, दुसरी माझ्याखाली तुटली. हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि त्याला. मी घाबरलो होतो, कारण अनामत म्हणून ठेवलेलं घड्याळ माझ्या वडिलांचं होतं आणि त्यांना न विचारता नेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला पन्नास रुपये त्याने भरले, वडिलांच्या दुकानात हवा भरून साठवलेल्या चिल्लरमधून, आणि घड्याळ आणून मला दिलं. वर्गात कुणी सीडीची चौकशी करू नये म्हणून त्याने ती मामाच्या गावी पाहिल्याची थाप मारली. चार दिवस त्याने चिंचेखाली जो शेवट सांगितला, तो माझी अब्रू झाकायला. आणि त्याला मी चार वर्षांनी भर बसमध्ये अकरावी काढून दाखवली.

पुढची सतरा वर्षं आम्ही बोललो नाही. मी नाशिकला नोकरीला लागलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलाला स्पायडरमॅनचं वेड लागलं, म्हणून तिन्ही भाग त्याच्याबरोबर ओळीने बघितले. दुसरा भाग लागला आणि मला पहिल्या वीस मिनिटांतच उठून पाणी प्यायला जावं लागलं. मे काकूंच्या घराचे हप्ते थकले आहेत, घर जाणार आहे, आणि तरी त्या पीटरच्या हातात वाढदिवसाचे वीस डॉलर कोंबतात. तो नको म्हणतो आणि त्या एकदम ओरडतात, आणि मग लगेच माफी मागतात. हा सीन सोळाव्या वर्षी मी बघितला होता. मला तो आठवतच नव्हता.

आणि जाळं का येत नाही, ते तेव्हा कळलं. पोरगा इतका थकलेला असतो की अंगच नाही म्हणतं. हे मनगटावरच्या यंत्राने जमलं नसतं. यंत्रातलं रसायन संपलं असतं, त्याने दुसरं भरलं असतं, गोष्ट पुढे. पहिल्या भागात रायमीने कॉमिकमधला जो बदल केला, ज्याला मी दहावीत चोरी म्हणत होतो, त्या एका बदलावर दुसरा भाग उभा आहे. तो पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो, पण ताकद टाकता येत नाही. जे अंगात येतं ते काढून ठेवता येत नाही, हे मागच्या बाकाने सिनेमा यायच्या वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं. तेव्हा आज जाहीर सांगतो. जाळ्याच्या मुद्द्यावर मी हरलो. दुसऱ्या भागाच्या मुद्द्यावरही हरलो. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते दृश्य-करामतींसाठी, पण ते सोडा.

गाव सोडून पळून का जात नाही, असं मी विचारलं होतं ना, त्याचंही उत्तर मिळालं. सोडून मी गेलो होतो.

तिसऱ्या भागाबद्दल मी मागे हटणार नाही. पण एक कबूल करतो. त्यात सँडमॅन पहिल्यांदा उभा राहतो तो सीन आहे. वाळूचा एकेक कण गोळा होतो, माणूस तयार होऊ बघतो. समोर मुलीच्या फोटोचं लॉकेट पडलेलं असतं, ते उचलायला जातो तर हातच चुरून खाली पडतो. पुन्हा उठतो. त्या दोनअडीच मिनिटांत एक शब्द नाही. तिन्ही भागांत त्या तोडीचं दुसरं काही नाही असं माझं आज मत आहे. फसलेल्या सिनेमात सगळ्यात चांगला सीन असू शकतो, हे मला २००७ मध्ये मान्य नव्हतं.

माझ्या नाशिकच्या बाजूचं एक सांगतो, कारण रूपांतर म्हणजे काय या आपल्या वादाचा खरा निकाल तिथे लागला आहे. मालेगावला नासिर शेख नावाच्या माणसाने २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला आणि नंतर 'मालेगाव का सुपरमॅन'. नट कोण, तर यंत्रमागावर काम करणारा शफीक, अंगाने काडी. पायात स्लीपर, चड्डीचा नाडा लोंबतोय, आणि त्याला हवेत उडवायला मागे हिरवं कापड. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडतो, मधेच हिरोचं लग्न निघतं. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, तो २०१२ मध्ये थिएटरांत लागला. शफीक त्याआधीच कॅन्सरने गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तो मी पहिल्या आठवड्यात पाहिला. अमेरिकेत क्रिस्टोफर रीव्हचा सुपरमॅन १९७८ ते १९८७ चार वेळा आला आणि दर वेळी पैसा असूनही शेवटाकडे वाईट होत गेला. मालेगावचा एकदाच आला, आणि तो सुपरमॅन मालेगावातच राहतो, तिथलाच धूर खातो. मला वाटतं रूपांतर यालाच म्हणावं. उलट २००४ मध्ये स्पायडरमॅनचं भारतीय कॉमिक निघालं होतं, पवित्र प्रभाकर नावाचा खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला धोतरातला मुलगा. खेड्यातला मुलगा, धोतराला हसणारी शहरी पोरं, इथपर्यंत फार चांगलं. पण त्याला ताकद एक योगी देतो. इथे माझं त्यांच्याशी पटलं नाही. कोळी कुणालाही चावू शकतो, यातच सगळी गंमत आहे. साधू वर देतो म्हटलं की ती आपली जुनीच गोष्ट झाली. हाच पवित्र पुढे २०२३ च्या कार्टून सिनेमात आला, आणि तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत निघाला, त्यात मराठी होती. भोजपुरीनंतर सोळा वर्षांनी का होईना, स्पायडरमॅन मराठी बोलला. मी ट्रेलर मुलाला तीनदा ऐकवला. तो म्हणाला, बाबा, हा तुमच्या गावच्यासारखा बोलत नाही. खरं आहे, पुण्यासारखा बोलत होता.

आता शेवटचं. जानेवारीत या मेळाव्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. पहिले दोन दिवस सगळ्यांनी गुड मॉर्निंगची फुलं टाकली. मी तिथे लिहिलं, आपलं स्पायडरमॅनचं भांडण अजून शिल्लक आहे, कोणता भाग भारी? चाळीस मेसेज आले. रात्री साडेअकराला, दुकान बंद केल्यावर, एका नंबरवरून दोन शब्द आले. 'पार्ट टू.'

मी त्याच मिनिटाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही बोलता आलं नाही. माफी मागायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "कामून ते जुनं काढतो? इकडं कधी येतो ते सांग." मग त्याने सांगितलं, की धाकटी बहीण नर्स झाली, नांदेडला असते. मधलीचं लग्न झालं. नागपूरचा रस्ता चौपदरी झाला तेव्हा दुकान मागे सरकवावं लागलं, आता मोठ्या गाड्यांचंही काम करतो, दोन पोरं हाताखाली आहेत. दोघांनाही संध्याकाळच्या शाळेत घातलंय, असं ओझरतं म्हणाला.

काल संध्याकाळी मी आलो. फाट्यावर खिचडी खाल्ली, त्याने पैसे देऊ दिले नाहीत. मी खिशातून पन्नासची नोट काढून म्हटलं, हे सीडीचे. त्याने नोट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, बावीस वर्षांचं व्याज? मग परत माझ्या खिशात घातली.

व्यासपीठावरून चिठ्ठी आली आहे, वेळ संपला. मी बसतो. पण सर, तुमची परवानगी असेल तर माईक दोन मिनिटं मागच्या रांगेत द्या. या वर्गातल्या निम्म्या लोकांनी त्या चार दिवसांतले दोन-तीन दिवस चुकवले होते, आणि आज इथे आपल्या सगळ्यांची पोरंही बसली आहेत. खऱ्या सिनेमाचा शेवट त्यांना मोबाईलवर बघता येईल. मला आज कालव्यापासून पुढचा ऐकायचा आहे, बेन काकांना सायकलवर बसवून घरी आणलं तिथपर्यंत.

ये बे. ऊठ.